दुकानाची ६० लॉगिन आणि एकच जीमेल: एलियस आणि पासवर्ड मॅनेजर कसं मांडायचं?

चाटीगल्ली_कापड

सोलापुरी चादर, टॉवेल, नॅपकिनचं घाऊक दुकान आहे, ऑनलाइन विक्रीही चालू आहे. सगळी मिळून ६० च्या आसपास लॉगिन झाली आहेत. तीन विक्री साइट, दोन कुरिअर, जीएसटी, ई-वे बिल, आयकर, दोन बँका, महावितरण, सुताच्या व्यापाऱ्यांची पोर्टलं, लेबल छापायचं सॉफ्टवेअर, आणि एकदाच उघडून सोडून दिलेली वीस-पंचवीस. सगळ्यांना एकच जीमेल पत्ता, जो बिलबुकावर आणि चादरीच्या पिशवीवरही छापलेला आहे. पासवर्ड थोडे वहीत, थोडे क्रोममध्ये, निम्म्या ठिकाणी एकच. एका घाऊक साइटवर नोंदणी झाल्यापासून कर्जाच्या आणि खोट्या ऑर्डरींच्या मेलचा मारा सुरू आहे, पण पत्ता कुणाकडून बाहेर गेला हे कळायला मार्ग नाही.

बिटवॉर्डन हे पासवर्ड साठवायचं ॲप (पासवर्ड मॅनेजर) टाकून घेतलंय. आता विचारायचं ते असं. जीमेलच्या अधिक चिन्हाने भागेल की एलियसची (खऱ्या पत्त्याऐवजी द्यायच्या पर्यायी मेल पत्त्याची) सेवा घ्यावी, की स्वतःचं डोमेन (पत्त्यात @ नंतर येणारं आपल्या मालकीचं नाव)? जीएसटी आणि बँकेला एलियस द्यावा का? एलियसची सेवा उद्या बंद पडली तर? धाकटा भाऊ आणि सीए यांना थोडीच लॉगिन लागतात, ती कशी द्यायची? पायऱ्या धरून सांगा की.

कुलूपकिल्ली

अण्णा, एलियसकडे नंतर वळू. आधी एक नवं मेल खातं उघडा आणि ते कुणालाही देऊ नका. बिलावर नाही, व्हॉट्सॲपवर नाही, सुताच्या व्यापाऱ्याला नाही. बँक, आयकर, जीएसटी आणि खुद्द बिटवॉर्डनची नोंदणी, एवढ्याच गोष्टी त्या खात्यावर ठेवायच्या. कारण सरळ आहे. 'पासवर्ड विसरलो' हे बटण दाबलं की साइट जिथे मेल पाठवते, तो पत्ता ज्याच्या हातात त्याचंच ते खातं. पिशवीवर छापलेला पत्ता हे काम करत असेल, तर चोराचं निम्मं काम आपण आधीच करून ठेवलेलं असतं.

बँक आणि कर यांना फुकटच्या सेवेचा एलियस देऊ नका. एलियस म्हणजे मधला पोस्टमन. साइट मेल पाठवते एलियसकडे, ती सेवा तो पुढे तुमच्या खऱ्या खात्यावर ढकलते. ढकलताना कधी उशीर होतो, कधी तो मेल स्पॅममध्ये पडतो, आणि ओटीपीची मुदत तेवढ्यात संपते. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला रात्री हे झालं तर दाद कुणाकडे मागणार?

आता अधिक चिन्ह. दुकान@जीमेल.कॉम असा पत्ता असेल तर दुकान+कुरिअर@जीमेल.कॉम वर आलेला मेलही त्याच खात्यात पडतो, वेगळं काही उघडावं लागत नाही. पण त्यात लपत काही नाही. अधिक चिन्हापासून @ पर्यंतचा भाग कापला की खरा पत्ता उघडा पडतो, आणि पत्त्यांच्या याद्या विकणाऱ्यांना ते एका ओळीच्या प्रोग्रामचं काम आहे. शिवाय काही फॉर्म अधिक चिन्ह घेतच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे काही साइट नोंदणीच्या वेळी घेतात आणि लॉगिनच्या पानावर नाकारतात. मेलची वर्गवारी करायला हे ठीक. जीमेलमधला टिंबाचा प्रकार तसाच: टिंबं कुठेही टाकली तरी जीमेल ती मोजत नाही, त्यामुळे तोही आडोसा नव्हे.

एलियसच्या सेवांत सिंपललॉगिन फुकटात १० एलियस देते (२०२२ पासून ती प्रोटॉनकडे आहे), फायरफॉक्स रिले ५, आणि डकडकगो हवे तितके. ॲडी.आयओ पूर्वी ॲनॉनॲडी या नावाने होती. निवडताना एकच गोष्ट पाहा: एलियसवरून उत्तर पाठवता येतं का. रिलेच्या फुकट योजनेत येत नाही. कुरिअरशी तक्रारीचा पत्रव्यवहार करायचा असेल तर तिथेच अडतं, कारण ग्राहक सेवा म्हणते की नोंदणीकृत पत्त्यावरूनच मेल करा.

म्हणजे तुमच्या लॉगिनची विभागणी अशी पडेल. बँक, कर आणि बिटवॉर्डन नव्या गुप्त खात्यावर. विक्री साइट, कुरिअर आणि सूतवाले स्वतःच्या डोमेनवरच्या वेगवेगळ्या पत्त्यांवर, किंवा डोमेन नको असेल तर उत्तर पाठवता येणाऱ्या सेवेच्या एलियसवर. आणि एकदाच लागणारी किरकोळ नोंदणी डकडकगोवर. जुना छापील पत्ता बंद करू नका. तो गिऱ्हाइकांसाठी राहू दे, फक्त त्यावर एकही लॉगिन ठेवू नका.

हिप्परगा_तलाव

बिटवॉर्डनच्या आतलं मी सांगते.

प्रत्येक साइटची एक नोंद. युजरनेमच्या रकान्यात तिथे दिलेला पत्ता अक्षर न् अक्षर तसाच. हा रकाना रिकामा सोडायची सवय लई जणांना असते, कारण 'पत्ता तर एकच आहे' हे डोक्यात बसलेलं असतं. एलियस वापरायला लागलं की तो पत्ता लक्षात राहत नाही, आणि पत्ताच माहीत नसेल तर पासवर्ड बदलायची विनंतीसुद्धा करता येत नाही. टिपणाच्या जागेत चार गोष्टी लिहा: एलियस कोणत्या सेवेवर बनवला, ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतो (शेवटचे ४ आकडे पुरे), हे लॉगिन आणखी कुणाकडे आहे, आणि बदल केल्याची तारीख. मोबाइलचा आकडा महत्त्वाचा आहे. बंद केलेला नंबर कंपन्या ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकतात, आणि तो कोणकोणत्या लॉगिनला जोडला होता हे तेव्हा आठवत नाही. नोंद असली की शोधाच्या चौकटीत ते ४ आकडे टाकले की यादी समोर.

एलियस बिटवॉर्डनमधूनच बनवता येतो. जनरेटरमध्ये युजरनेम निवडा, प्रकार 'फॉरवर्डेड ईमेल एलियस', मग सेवा. त्या सेवेच्या खात्यातून एपीआय की (बिटवॉर्डनला त्या सेवेत काम करू देणारा लांबलचक कोड) काढून इथे एकदा चिकटवायची. बटण दाबताक्षणी एलियस सेवेकडे खरोखर तयार होतो, आणि इथेच गोंधळ होतो. नोंद जतन न करता खिडकी बंद झाली, तर एलियस सेवेकडे शिल्लक आणि तुमच्याकडे त्याचा पत्ता नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एलियस आणि पासवर्ड तयार करून नोंद जतन, मग साइटवरचं नोंदणीचं बटण.

पासवर्डची लांबी सगळीकडे २० ठेवू नका. जीएसटी पोर्टल ८ ते १५ अक्षरं घेतं, आयकराचं पोर्टल ८ ते १४. काही साइटच्या रकान्यात जादा अक्षरं चिकटवली की ती गुपचूप कापली जातात. साइटकडे १४ पोहोचतात, बिटवॉर्डनमध्ये २० राहतात, आणि दुसऱ्या दिवशी 'चुकीचा पासवर्ड'. बदल केल्यावर लगेच बाहेर पडून त्याच नोंदीतून परत आत जाऊन पाहा. हे न करता एका बैठकीत दहा पासवर्ड बदलले तर नंतर कोणता कुठे तुटला ते शोधत बसावं लागतं.

पुढची गोष्ट तुमच्यासारख्यांना हमखास नडते. बिटवॉर्डन साइट ओळखतो ती मूळ डोमेनवरून. जीएसटीचं मुख्य पोर्टल आणि ई-इनव्हॉइसचं पोर्टल दोन्ही जीएसटी.गव्ह.इन च्या पोटात येतात, पण युजरनेम आणि पासवर्ड वेगळे. त्यामुळे एका ठिकाणी दोन्ही नोंदी सुचवल्या जातात, चुकीची दाबली जाते, दोन-तीनदा असं झालं की खातं काही वेळ अडकतं. नोंद उघडा, पत्त्याच्या शेजारच्या गिअरवर टिचकी मारा, जुळणीचा प्रकार 'होस्ट' करा, म्हणजे साइटचं पूर्ण नाव जुळलं तरच नोंद सुचवली जाते. मग ज्याची नोंद त्याच दारात उघडते.

बँकांनाही 'होस्ट'च लावा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .बँक.इन या डोमेनवर यायला सांगितलं होतं. तुमची जुनी नोंद जुन्या पत्त्याची असेल तर नव्या पानावर पासवर्ड आपोआप भरला जाणार नाही. तेव्हा चिडून कॉपी करून चिकटवू नका! आपोआप न भरणं हाच खोट्या साइटविरुद्धचा इशारा असतो. हाताने चिकटवला की तो इशारा तुम्हीच बाजूला सारता. पासबुकावरचा किंवा शाखेत लावलेला पत्ता बघून स्वतः टाइप करा, पान बरोबर आहे याची खात्री झाली की त्याच नोंदीत नवा पत्ता घाला आणि जुना काढून टाका.

सातरस्ता_नेटवर्क

वरच्या दोघांचं पटलं, पण एक फास राहून गेलाय. गुप्त मेल खात्याचा पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये, आणि बिटवॉर्डनची नोंदणी त्याच मेलवर. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागायची सोय) चालू नसेल तर नव्या मोबाइलवर बिटवॉर्डन उघडताना कोड मेलवर येतो. मेल उघडायला पासवर्ड हवा, तो बिटवॉर्डनच्या आत! जुना मोबाइल हरवला तर दोन्ही दारं एकमेकांना कुलूप लावून बसतात.

यावर उपाय कागद. एका कागदावर हाताने लिहा: बिटवॉर्डनचा मास्टर पासवर्ड (बिटवॉर्डन उघडायचा मुख्य पासवर्ड), त्या मेलचा पासवर्ड, बिटवॉर्डनचा रिकव्हरी कोड (टू-स्टेप चालू केल्यावर वेब व्हॉल्टच्या, म्हणजे ब्राउझरमधून उघडायच्या बिटवॉर्डनच्या तिजोरीच्या, सुरक्षा पानावर मिळतो), आणि जीमेलचे बॅकअप कोड. जीमेल एका वेळी ८ आकड्यांचे १० कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, वापरला की खोडा. अशा दोन प्रती करा, एक घरात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. मोबाइलने फोटो काढू नका, तो आपोआप गॅलरीच्या ढगात जातो.

टू-स्टेपचे ३० सेकंदांना बदलणारे कोड वेगळ्या ॲपमध्ये ठेवा. बिटवॉर्डनच्या फुकट योजनेत ते कोड व्हॉल्टमध्ये दिसत नाहीत, आणि बिटवॉर्डनचा स्वतःचा कोड बिटवॉर्डनमध्येच ठेवण्यात अर्थही नाही. अँड्रॉइडवर एजिस चांगलं आहे, फुकट आहे, पासवर्ड लावून बॅकअपची फाइल काढता येते. ती फाइल पेनड्राइव्हवर टाका.

मास्टर पासवर्ड मनाने रचू नका. दुकानाचं नाव, श्री सिद्धेश्वर, मुलांची नावं, जन्मसाल, हे सगळं ओळखीच्याला पहिल्या दहा प्रयत्नांत सुचतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची ७,७७६ शब्दांची यादी आहे. फासा पाचदा टाकला की पाच आकडे येतात, त्या आकड्यांचा शब्द घ्यायचा. असे ६ शब्द. लिहायला सोपे, अंदाजाने तोडायला फार अवघड (७७ बिटांचे). आवडला नाही म्हणून शब्द बदलू नका, निवड मनाची झाली की बळ जातं. मराठी शब्दही चालतील, फक्त त्यांची निवड फाशाने करा आणि रोमन अक्षरांत टाइप करा. देवनागरीत नको, कारण दुसऱ्या संगणकावर कीबोर्ड वेगळा असतो आणि एकच जोडाक्षर दोन वेगळ्या प्रकारांनी साठवलं जाऊ शकतं. डोळ्याला सारखं दिसतं, संगणकाला वेगळं.

दर तीन महिन्यांनी व्हॉल्टची प्रत काढा. प्रकार 'एन्क्रिप्टेड जेसन', त्यातही 'पासवर्ड प्रोटेक्टेड' निवडा. दुसरा पर्याय खात्याला बांधलेला असतो. तो त्याच खात्यात परत घालता येतो, खातंच गेलं तर फाइलचा उपयोग शून्य. सीएसव्ही फाइल म्हणजे सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत, ती काढावी लागलीच तर काम झाल्यावर डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाका.

कुलूपकिल्ली

@सातरस्ता_नेटवर्क, फासाचा मुद्दा बरोबर, माझ्याकडून राहिला होता.

डोमेनबद्दल थोडं खोलात. स्वतःचं डोमेन घेतलं की एलियसची सेवा बंद पडली तरी पत्ते तुमचेच राहतात. डोमेनचं एमएक्स रेकॉर्ड (त्या डोमेनचा मेल कुठे पोचवायचा हे सांगणारी नोंद) दुसऱ्या सेवेकडे वळवलं की तेच पत्ते तिथे चालू. 'सेवा बंद पडली तर?' या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे. परक्या डोमेनवरचा एलियस असेल तर मात्र सेवेबरोबर पत्ताही जातो, मग त्या प्रत्येक साइटवर जाऊन पत्ता बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

पण डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर एलियस नसता तरी परवडलं असतं अशी वेळ येते. मुदत संपून सुटलेलं डोमेन कुणीही घेऊ शकतो, आणि मग तुमच्या सगळ्या साइटचे 'पासवर्ड बदला' मेल त्याच्याकडे. परदेशी रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) आपल्या कार्डाची आपोआप वसुली रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (कार्डावरून ठराविक वेळी आपोआप पैसे कापायच्या परवानगीच्या) नियमांमुळे बरेचदा होत नाही, आणि वसुली न झाल्याचा मेल जातो तो त्याच डोमेनवर. म्हणून पैसे एकदम काही वर्षांचे भरा (.इन डोमेन १० वर्षांपर्यंत घेता येतं), आणि रजिस्ट्रारच्या खात्याला पत्ता द्या तो गुप्त जीमेलचा. त्या डोमेनवरचा कधीच नाही.

कॅच-ऑल, म्हणजे डोमेनवर कोणत्याही नावाने आलेला मेल घ्यायचा, हे सोयीचं वाटतं. पण कुरिअर@, बँक@, माहिती@ असे अंदाजाने पाठवलेले मेलही मग आत येतात. शिवाय एका साइटला त्यांच्याच नावाचा पत्ता दिला की तुम्ही बाकीच्यांना कसे पत्ते दिले असतील हे कुणालाही ओळखता येतं. नावामागे तीन-चार वेडीवाकडी अक्षरं जोडा, सूत-क७प@ असं काहीतरी, पत्ता आधी तयार करा आणि कॅच-ऑल बंद ठेवा. लक्षात ठेवायचं कामच नाही, बिटवॉर्डन आहे.

पत्ता कुणी फोडला ते आता असं कळेल. नको तो मेल आला की जीमेलमध्ये तीन टिंबांवरून 'मूळ संदेश दाखवा'. पाठवणाऱ्याचं नाव काहीही असो, मेल ज्या एलियसवर आला त्याचा पत्ता तिथे दिसतो. तो बिटवॉर्डनमध्ये शोधा, साइट सापडली. मग त्या साइटवर नवा एलियस लावा, पडताळणीचा मेल नव्यावर आला याची खात्री करा, आणि त्यानंतरच जुना बंद करा. बंद करा म्हणजे थांबवा, मिटवू नका. काही सेवांत मिटवलेला एलियस परत मिळत नाही, आणि एखादी साइट पत्ता बदलल्यानंतरही बिलं जुन्यावरच पाठवत राहते.

एक खबरदारी. एलियसवर आलेल्या मेलला 'रिप्लाय' केलं तर उत्तर सेवेमार्फत जातं, खरा पत्ता झाकलेला राहतो. तोच मेल 'फॉरवर्ड' करून तिसऱ्याला पाठवला की तो तुमच्या खऱ्या पत्त्यावरून जातो. आणि मेलच्या खाली आपोआप येणारी सही तपासा. त्यात जीमेल पत्ता लिहिलेला असेल तर एवढ्या खटाटोपाचं काय?

चाटीगल्ली_कापड

सगळ्यांचे आभार. आयकराचं १४ अक्षरांचं माहीत नव्हतं, आत्ताच तपासलं. दोन गोष्टी राहिल्या. भाऊ आणि सीए यांना द्यायचं कसं, आणि ६० लॉगिन बदलायची तर सुरुवात कुठून?

हिप्परगा_तलाव

पासवर्ड देण्याआधी पाहा की साइटवरच दुसरा माणूस जोडायची सोय आहे का. ई-वे बिल पोर्टलवर सब-युजर बनवता येतो, त्याला फक्त बिल काढायचा अधिकार देता येतो. ॲमेझॉनच्या विक्रेता खात्यात 'युजर परमिशन्स' आहे. आयकराच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून सीए जोडता येतो, तो मग त्याच्याच लॉगिनने काम करतो. माणूस गेला की त्याचा अधिकार काढायचा, तुमचा पासवर्ड जागचा हलत नाही.

जिथे अशी सोय नाही तिथे बिटवॉर्डनची फुकट ऑर्गनायझेशन (पासवर्ड वाटून वापरायचा गट): २ माणसं, २ कलेक्शन (नोंदींचे कप्पे). तुम्ही आणि भाऊ एवढ्यांना पुरतं. एका कलेक्शनमध्ये कुरिअर आणि लेबल, दुसऱ्यात विक्री साइट. बँक आणि कर त्यात अजिबात टाकू नका. भावाचं बिटवॉर्डन खातं वेगळं, मास्टर पासवर्ड वेगळा. एकच खातं दोघांनी वापरलं तर कुणाच्या मोबाइलवरून काय बदललं हे कधीच उमगत नाही.

क्रम असा. पहिल्या दिवशी गुप्त मेल, बिटवॉर्डन, टू-स्टेप आणि कागद. दुसऱ्या दिवशी क्रोममधले पासवर्ड सीएसव्हीत काढून बिटवॉर्डनमध्ये घ्या, मग क्रोममधून सगळे मिटवा आणि 'पासवर्ड जतन करू का' हे विचारणं बंद करा. दोन ठिकाणी राहिले की क्रोम जुनाच पासवर्ड भरत राहतो आणि दोष बिटवॉर्डनला लागतो. मोबाइलवर सेटिंग्जमध्ये ऑटोफिलची सेवा बिटवॉर्डन करा, आणि क्रोमच्या सेटिंगमध्येही 'दुसऱ्या सेवेने भरा' हे वेगळं निवडावं लागतं.

मग बँक, मग आयकर आणि जीएसटी. जीएसटीत अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मेल बदलणं ही नॉन-कोअर (किरकोळ) दुरुस्ती आहे. नव्या पत्त्यावर ओटीपी येतो, शेवटी डीएससी (डिजिटल सही) किंवा ईव्हीसी (ओटीपीने पडताळणी) लागते, अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. पण महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, रिटर्नच्या गडबडीत, हे काम काढू नका. त्यानंतर विक्री साइट, रोज एकच. मेल आणि बँक खातं एकाच दिवशी बदललं तर साइटला चोरीचा संशय येऊन पैसे अडकू शकतात, आणि दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना ते परवडायचं नाही. बाकीची रोज ६. वीस-पंचवीस सोडून दिलेल्यांपैकी जी बंदच करता येतील ती बंद करा, त्यांना एलियस लावत बसू नका.

सातरस्ता_नेटवर्क

गल्ल्यावरच्या संगणकाचं राहिलं. तिथे बिटवॉर्डनचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला भाग) असेल तर व्हॉल्ट बंद व्हायची वेळ ५ मिनिटं ठेवा, कृती 'लॉक'. दर वेळी सहा शब्द टाइप करणं गिऱ्हाइकासमोर जमत नाही, म्हणून पिन लावा, पण पिन लावताना 'ब्राउझर पुन्हा सुरू झाल्यावर मास्टर पासवर्ड विचारा' ही खूण राहू द्या. ती काढली तर पिनने उघडणारी व्हॉल्टची किल्ली संगणकाच्या डिस्कवर लिहिली जाते, आणि चार आकडे फोडायला वेळ लागत नाही. संगणक दुरुस्तीला द्यायच्या आधी एक्स्टेन्शनमधून 'लॉग आउट' करा, नुसतं लॉक नको.